निदानातील विलंब आणि आम्हा डॉक्टरांचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टने बिबवेवाडी येथे आयोजित केलेल्या आरोग्य व्याख्यानातील भाषण)



१९८८ साली मी बिबवेवाडीत दवाखाना सुरू केला, तेव्हा गंगाधामच्या बाजूला बरीचशी मोकळी जमीन होती. मार्केट यार्डात व्यापार करणारी अनेक जैन कुटुंबे हळूहळू या भागात राहावयास आली आणि त्यांपैकी कित्येकांच्या तीन पिढ्यांना मी तपासले आहे. जन्माने मी जैन नाही; परंतु आयंबिल, अठ्ठाई, पारणे हे शब्द मला पुस्तकातून नव्हे, तर आपल्या घरच्या माता-भगिनींच्या तोंडून समजले.

आयोजकांनी मला ‘कॅन्सरची लक्षणे व उपचार’ असा विषय सुचविला होता. मी विनंती करून तो थोडा बदलून घेतला. लक्षणांची यादी आपण अनेक शिबिरांतून ऐकली आहे. मला बोलायचे आहे ते कॅन्सरचे निदान उशिरा का होते याविषयी, आणि त्या उशिरातून माझ्यासारखा फॅमिली डॉक्टर काय शिकतो, किंवा बहुतेक वेळा का शिकत नाही, याविषयी. आरंभ स्वतःच्या चुकीपासून करतो.

१९९८ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकी माझ्याकडे आल्या. त्यांचे वर्षीतप चालू होते. थकवा येतो, जिना चढताना दम लागतो, एवढीच तक्रार. हिमोग्लोबिन ८.४ भरले. मी म्हणालो, “काकी, एक दिवसाआड उपवास आहे, अशक्तपणा येणारच.” लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.६ झाले. मला समाधान वाटले. डिसेंबरात शौचाला काळे होते असे त्या संकोचाने म्हणाल्या. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतोच; तसे मी त्यांना सांगितले आणि त्यांचाही जीव भांड्यात पडला. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ८.१ वर घसरले. उपवासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत, म्हणून गुण येत नसावा, असे मी केसपेपरवर लिहिले. मार्चमध्ये वजन पाच किलोने कमी झाले होते. तपात वजन कमी व्हायचेच! एप्रिलमध्ये अक्षय तृतीयेला पारणे झाले, घरात आनंदसोहळा झाला. मे महिन्यात पोटात उजव्या बाजूला गोळा हाताला लागला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि तो यकृतात पोहोचला होता. जानेवारी २००० मध्ये काकी गेल्या.

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ प्रारंभी फारसा त्रास देत नाही. तेथे आतडे रुंद असते आणि आतील मळ पातळ असतो, त्यामुळे मार्ग लवकर अडत नाही. थेंब थेंब रक्त मात्र जात राहते. दुखणे नाही, लाल रक्त दिसत नाही, फक्त रक्त कमी होत जाते. म्हणून पाळी थांबलेल्या स्त्रीला किंवा कोणत्याही वयस्क पुरुषाला लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झाला, तर गोळ्या सुरू करण्याबरोबरच रक्त जाते कोठे हे शोधावे, असे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक सांगते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परीक्षेत विचारले असते, तर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले असते.

मग हुकले कसे? याचे उत्तर मला त्यांच्या मुलाने दिले. काकी गेल्यावर दोन महिन्यांनी तो दवाखान्यात आला. मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणारा, मितभाषी माणूस. मी मनातून घाबरलो होतो. त्याने भांडण केले नाही. एक फाईल टेबलावर ठेवली. माझ्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, मध्येच एकदा दाखवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचा कागद, औषधांच्या पावत्या, सारे तारखेप्रमाणे लावलेले होते. तो एवढेच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मला यातले कळत नाही. पण हे सगळे एका जागी ठेवून तुम्ही एकदा वाचा.”

त्या रात्री मी ती फाईल वाचली. वाचायला दहा मिनिटे लागली नाहीत. नऊ महिने मला जे दिसले नाही, ते त्या दहा मिनिटांत एखादे आंधळे माणूसही चाचपून सांगेल इतके स्पष्ट होते.

आपण बहुतेक व्यापारी मंडळी आहात, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. माझा रोजमेळ चोख होता. प्रत्येक भेटीची नोंद होती आणि त्या दिवसापुरते प्रत्येक नोंदीचे कारणही पटण्याजोगे होते: थकवा उपवासाने, काळा रंग गोळ्यांनी, घसरण गोळ्या चुकल्यामुळे, वजन तपामुळे. पण खतावणी मी केलीच नव्हती. एका खात्यावर या पाच नोंदी एकाखाली एक मांडल्या असत्या, तर तूट डोळ्यांत भरली असती. आमच्या धंद्यात निदान हुकते ते बहुधा अज्ञानामुळे नव्हे. दर वेळी एक निरुपद्रवी कारण हाताशी सापडते आणि शोध तेथेच थांबतो, म्हणून ते हुकते.

येथे एक खुलासा करणे मी माझे कर्तव्य समजतो. दोष तपाचा नव्हता. तपाचे कारण पुढे करून विचार करण्याचे मी थांबवले, तो दोष माझा. आपल्या देशात पांडुरोग इतका सर्वत्र आहे की, डॉक्टरचे मन त्याला सरावते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. पण या आकड्यातील स्त्रिया पाळी चालू असलेल्या वयाच्या आहेत. काकी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, हे मी केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिले होते!

नऊ महिने आधी शोध लागला असता, तर त्या वाचल्या असत्या का? हा प्रश्न मुलानेही विचारला आणि मी आजवर कित्येकदा स्वतःला विचारला आहे. मी ‘होय’ म्हणू शकत नाही. काही कॅन्सर पहिल्या तक्रारीपूर्वीच पसरलेले असतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसारख्या रोगात तर उत्तम डॉक्टरचाही पुष्कळदा इलाज चालत नाही. परंतु ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही मला नाही, कारण ती संधी मी त्यांना दिली नाही.

आता दुसरी बाजू. भारतात २०२२ साली सुमारे १४ लाख ६० हजार नवे कॅन्सर रुग्ण झाले असावेत, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या नोंदणी प्रकल्पाचा अंदाज आहे. म्हणजे लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १००. माझ्यासारख्या डॉक्टरकडे तीन हजार माणसे येत असतील, तर या हिशेबाने वर्षाला तीन नवे कॅन्सर. त्याच वर्षात थकवा, खोकला, पोटदुखी घेऊन येणारे हजारो. त्या हजारांतून हे तीन ओळखायचे असतात. आता असे पाहा की, या तिघांपैकी एक जण माझ्याकडे दोन महिने येऊन, गुण न आल्याने दुसरीकडे गेला. तेथून मुंबईला टाटा रुग्णालयात गेला. तेथे शस्त्रक्रिया झाली. घरी परत आल्यावर कुटुंबाने मला काही कळवले नाही. काहींनी संकोचाने, काहींनी रागाने आणि बऱ्याच जणांनी मुलामुलींची लग्ने व्हायची आहेत, बाहेर वाच्यता नको, म्हणून. मी मात्र समजत राहिलो की, माझ्या औषधाने खोकला बरा झाला असेल. ज्या डॉक्टरला आपले निदान चुकले हेच कधी कळत नाही, त्याचा तीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाची तीस आवर्तने होत. तो काकींचा मुलगा फाईल घेऊन आला नसता, तर माझेही तसेच झाले असते.

२००१ पासून आम्ही या परिसरातील सात-आठ डॉक्टर महिन्यातून एकदा रात्री दवाखाने बंद झाल्यावर एकत्र बसू लागलो. नियम एकच: प्रत्येकाने आपल्याकडे उशीर झालेला एक रुग्ण, नाव न सांगता, तारीखवार मांडायचा. औषध कंपनीचा माणूस नाही, जेवण नाही. चहा मात्र होता. पहिल्या दोन बैठका बिघडल्याच. सगळेजण दुसऱ्या डॉक्टरकडे झालेल्या चुका सांगत होते! तिसऱ्या बैठकीत मी काकींची फाईल वाचली आणि मग वातावरण बदलले. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टर ही पद्धत अधिकृतपणे वापरतात, हे मला नंतर वाचनात आले. एका रुग्णाचे निदान कसे झाले ते लिहायचे, उशीर कोठे झाला, काय चांगले घडले, यापुढे दवाखान्यात काय बदलायचे, हेही लिहायचे आणि सहकाऱ्यांपुढे मांडायचे. कोण दोषी, हा प्रश्न त्यात नसतो.

असे मी एकदा एका वयस्क रुग्ण आजींना सांगत होतो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आलोचना करता.” हिंदीच्या सवयीने मला ‘टीका’ असा अर्थ वाटला. मग त्यांनीच समजावले की, जैन परंपरेत आलोचना म्हणजे आपला दोष गुरूंपुढे, काही न लपवता, स्वतः सांगणे. मी निरुत्तर झालो. आमच्या बैठकीला यापेक्षा योग्य शब्द मला आजवर सापडलेला नाही.

त्या बैठकांतून आमच्या दवाखान्यांत काही गोष्टी खरोखर बदलल्या. एका सहकाऱ्याकडे एक गृहस्थ वर्षभर मूळव्याधीचे मलम घेत होते. गुदद्वाराची बोटाने तपासणी झाली नव्हती. ती झाली असती, तर गाठ पहिल्याच दिवशी बोटाला लागली असती. का केली नाही, असे विचारता तो प्रामाणिकपणे म्हणाला की, गर्दी होती, पडदा नव्हता आणि रुग्णही लाजत होता. आम्ही त्यावर खूप बोललो. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत तर आम्ही सगळेच त्याच पंक्तीत होतो. पुढच्या महिन्यात मी तपासणीच्या टेबलाला पडदा लावला आणि एका बाईंना मदतनीस म्हणून नेमले. वीस वर्षांत या पडद्याने जितके निदान केले, तितके माझ्या स्टेथोस्कोपने केले नसेल.

दुसऱ्या एका रुग्णाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाग होता. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी चार महिने क्षयाची औषधे चालली. आपल्या देशात क्षय इतका की, डाग दिसला म्हणजे क्षय, हे समीकरण डोक्यात पक्के. तो फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून आम्ही ठरवले की, जंतूंचा पुरावा नसताना औषध सुरू करावेच लागले, तर पुनर्विचाराची तारीख त्याच दिवशी कागदावर लिहायची.

तारीख लिहिणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. रॉजर नेबर या इंग्रज फॅमिली डॉक्टरांनी १९८७ साली आपल्या पुस्तकात असे सुचवले की, रुग्ण खुर्चीतून उठण्यापूर्वीच डॉक्टरने मनाशी विचारावे: माझे निदान बरोबर असेल तर पुढे काय घडले पाहिजे, ते चुकले असेल तर मला कसे कळेल, आणि तेव्हा मी काय करीन. आमच्याकडे ‘बरे वाटले नाही तर या’ असे म्हणण्याची रीत आहे. याचा अर्थ रुग्णाने काय घ्यावा? किती दिवसांनी? मी आता एक वही ठेवतो. ज्यांच्याबद्दल शंका आहे, त्यांचे नाव आणि परत येण्याची तारीख त्यात असते. ती व्यक्ती आली नाही, तर मदतनीस बाई फोन करतात. आणि एकाच तक्रारीसाठी कोणी तिसऱ्यांदा आले, तर जुने निदान बाजूला ठेवून पहिल्यापासून तपासायचे. तिसऱ्या भेटीला खतावणी!

यावर आपली एक रास्त तक्रार असते, ती मला माहीत आहे. ‘डॉक्टरांनी उगाच तपासण्या लिहिल्या, पाच हजार गेले आणि काहीच निघाले नाही.’ उगाच लिहिलेल्या तपासण्या असतातच. त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत एखाद्या लक्षणामागे कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात तीन असली, तरी तातडीने पुढे पाठवावे, असे तत्त्व स्वीकारले आहे. म्हणजे पाठवलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णवपर्यंत जणांचे ‘काहीच निघाले नाही’ असेच होणार, हे गृहीत धरलेले आहे.

उशीर केवळ डॉक्टरकडून होत नाही, हेही सांगितले पाहिजे. स्तनातील न दुखणारी गाठ लग्नसराई संपेपर्यंत, चातुर्मास संपेपर्यंत झाकून ठेवलेली मी पाहिली आहे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही समजूत अजूनही सुशिक्षित घरांत आहे. ती निराधार आहे. आपल्या समाजात तंबाखू कमी, हे खरे. पण सुपारी सर्रास चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसतानाही, कॅन्सरकारक ठरवले आहे. तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, किंवा तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दाखवावे. यापलीकडे यादी देत नाही.

लोकांशी बोलल्याने उशीर कमी होतो का, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नव्हते, लेखी नोंदीही नव्हत्या. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणे समजावून सांगू लागले, शंका असलेल्यांना तपासणीसाठी आणू लागले. मोजणीसाठी सुरू केलेल्या या कामाचा परिणाम असा झाला की, काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला: एचपीव्ही विषाणूची केवळ एकदा तपासणी करून गरजेप्रमाणे उपचार दिलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही १९९८ पासून वस्त्यांमधील दीड लाख स्त्रियांवर दीर्घ अभ्यास केला. तेथे स्तनांची तपासणी डॉक्टरांनी केली नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी, केवळ हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्याचे दिसले, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. सांगायचे इतकेच की, महागडे यंत्र नसतानाही खूप काही होते.

आपला ट्रस्ट दरवर्षी आरोग्य शिबिर घेतो. मीही त्यात बसतो. तेथे रक्त तपासले जाते, अहवाल वाटले जातात आणि मांडव उतरतो. गेल्या शिबिरात हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालेल्यांपैकी किती जणांचा पुढे शोध घेतला गेला, असे मी आरोग्य समितीला विचारले होते. उत्तर मिळाले नाही, आणि त्यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही, कारण अहवालांवर सही माझी होती. पुढील शिबिराची एक पंगत कमी झाली तरी चालेल. पण दोन स्वयंसेवक सहा महिने केवळ फोन करण्यासाठी नेमावेत, अशी माझी विश्वस्तांना जाहीर विनंती आहे. पुण्यात असे स्वयंसेवक मिळणार नाहीत, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि एक विनंती आपणा सर्वांना. घरात कोणाला कॅन्सर झाला, तो कोठेही सापडो, मुंबईत, दुसऱ्या डॉक्टरकडे, मोठ्या रुग्णालयात, त्याचा एक कागद आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरला नेऊन द्या. राग असेल तर रागाने द्या. पहिल्यांदा कोणत्या तारखेला कोणती तक्रार घेऊन आलो होतो, हे त्यावर लिहा. त्याने तो वाचून बाजूला टाकला, तर आपला डॉक्टर बदला.

काकींची फाईल मी आज बरोबर आणली आहे. त्यांच्या मुलाची परवानगी घेतली आहे. नावे झाकली आहेत. कार्यक्रमानंतर ती या टेबलावर असेल. ज्यांना पाहावयाची आहे त्यांनी पाहावी, आणि काही विचारावयाचे असेल तर निःसंकोच विचारावे. सभागृह रिकामे होईपर्यंत मी येथे आहे.

जय जिनेंद्र.